सोहार, रात्री साडेआठ

डॉक्टर कुरियननी दोन वाटा सांगितल्या.
गोळी घेतली तर पंधरा दिवस क्रेनवर चढायचं नाही;
म्हणजे फोरमनला कारण,
म्हणजे सबंध कॅम्पला.

दुसरी, बोलायचं.
खोलीत सहा खाटा,
मराठी प्रत्येकाला अर्धी अर्धी कळते.

म्हणून हा पिकअप, बंदराच्या कुंपणाशी, एसी चालू.
फोनवर साताऱ्याच्या मृणालिनीबाई;
तिकडे दहा वाजलेत, मागे कुणी भांडी लावतंय.

"नेमकं काय होतं?"
साठ मीटरवर हात कधी थरथरला नाही, मॅडम.
खाली उतरलो, की...

त्या वाट बघतात.
मी एसी बंद करतो, काच खाली.
खारट, गरम हवा.
"धास्ती," म्हणतो.
इथे आल्यापासून हा शब्द वापरायला कोणी भेटलंच नव्हतं.

मग विचारतो,
गोळी साधारण किती दिवस घ्यावी लागते?