सहातला एक

अष्टमीचं भांग. खाडीचं पाणी जरा नितळलंय.
मार्व्याच्या धक्क्यावर आज बारा गळ,
तेरावा मी होत नाही.

तिवरांमागून वाट आहे. वाट म्हणजे
कुणाच्या तरी पावलांत साचलेलं पाणी.
गुडघाभर चिखल. निवट्या बाजूला होतात
नाइलाजाने,
कचेरीतल्या बाकावर कुणी सरकून जागा द्यावी तशा.
पुढे फुटका बांध. तिथे कुणी नाही.

दोरीला चमचा आहे.
वासंतीच्या माहेरचे सहा, त्यांतला हा एक.
कारखान्यात दांडा कापला, भोक पाडलं,
शेपटाला तीन काट्यांचा गळ.
घरी विचारलं तेव्हा म्हणालो,
खरकट्यात गेला असेल.

फेकतो.
एक, दोन, तीन. बुडू देतो.
मग दोन फिरक्या आणि थांबा,
दोन फिरक्या आणि थांबा.
चमचा आजारी मासळीचं सोंग घेत येतो.
ज्याने मुलाला पहिला वरणभात भरवला
तो आता
भुकेल्या तोंडाला थाप मारायला शिकलाय.

येतो, रिकामा. पुन्हा फेकतो.

ओहोटीला कालवं फोडायला आलेली धुरपाबाय
कोयती थांबवून बघत राहते.
"मासली पायजे तुला, का फेकाला पायजे?"
मी हसतो. ती हसत नाही.
टोपली उचलून पुढच्या खडकाकडे जाते.

पलीकडच्या हॉटेलात कार्डावर त्याला इंडियन सॅमन म्हणतात.
पाण्यात तो रावस.
आणि तो आला तेव्हा नाव आठवायला वेळच नव्हता:
हाताला एक हिसका,
रीळ ओरडली,
एकदाच कूस दिसली, कल्हई केलेल्या पातेल्यासारखी,
मग दोरी
अशी हलकी झाली
की मीच दोन पावलं मागे गेलो.

चमचा गेला.
आता निघायला हवं होतं. पाणी चढत होतं,
पिशवीत दुसरं काही नव्हतं.
खिशात लेथचा एक नट सापडला.
तोच बांधला, गळाशिवाय,
आणि अजून तीनदा फेकला.
धुरपाबायने पाहिलं की नाही, ठाऊक नाही.

रात्री खिचडी. मोरीत माझे पाय धुऊनही
घरभर खाडीचा वास.
ताटं वाढताना वासंतीने एक चमचा बाजूला काढला,
उजेडात उलटा धरला.
"हा घे. याची पाठ जास्त फुगीर आहे."
आणि लोणच्याची बरणी आणायला
आत गेली.