पडद्यामागून

सावद्याच्या टॉकीजमध्ये मी सिनेमे उलटे पाहिले.
अण्णा पडद्यामागे बसून स्पीकरचा फाटका कोन चिकटवत,
मी केळीच्या उपड्या पाटीवर, पाय हलवत.
नायकाचा डावा हात माझ्याकडे उजवा,
आणि समोरचे लोक निघाली, निघाली ओरडत
तेव्हा माझ्या बाजूने यानं परत येत असायची.

सिनेमा परदेशी, बोलणं हिंदीत भरलेलं.
कुणी तोंड उघडलं की संगीत खाली बसायचं,
वीज गेल्यावर पंखा बसतो तसं.
त्यामुळे मला आवडल्या त्या सगळ्या जागा
माणसं गप्प असतानाच्या.

ग्रहाच्या काळ्या पाठीमागून यान वर येतं, ती पहिली.
आधी काहीच नाही.
मग चेलो, इतका खाली की ऐकू येण्याआधी कळायचा,
लांब स्टेशनात केळीच्या वाघिणी जोडताना
आमच्या न्हाणीतला तांब्या थरथरतो, तेवढा.
मग चार स्वर. तिसऱ्याला अंगावर काटा,
चौथा पाटीच्या कामट्यांतून मांड्यांत शिरायचा.
मी विचारलं, ही कोणती पिपाणी?
अण्णा दातात स्क्रू धरून म्हणाले,
'तुतारीचा मावसभाऊ.
लाजाळू हाये तो, पाठ करीसन वाजतो.'

प्रिंट आमच्याकडे यायची रावेर फिरून.
तिथे कुठेतरी ती तुटली, कुणीतरी जोडली,
आणि चौथ्या स्वराचं शेपूट कात्रीत गेलं.
मला वाटायचं, तो असाच आहे,
पायरी समजून पाऊल टाकावं
आणि पायरी नसावी, असा.

दोर तुटून एक माणूस अंधारात सरकत जातो
तिथे एकटी बासरी होती.
सगळे त्या माणसासाठी हळहळत.
मी वाजवणाऱ्याचा श्वास ऐकायचे,
दोन ओळींच्या मध्ये, घाईने घेतलेला.
एवढ्या मोठ्या पोकळीत
हवा फक्त त्याच्याकडे होती.

शेवटची कूच मला कधीच नीट माहीत नव्हती.
तिच्यात खुर्च्या आपटायच्या.

बँडमधला सुभान तडवी दुपारच्या खेळाला मागच्या दाराने यायचा,
ट्रॉम्बोन कापडात गुंडाळून, खिशात बोरं.
'मले तेवढे चार द्या, अण्णा.'
जणू अण्णांच्या पेटीत ते सुटे ठेवलेले होते.
चिनावलच्या एका वरातीत त्याने ते वाजवले.
बाया डोक्यावर ट्यूबलाईट घेऊन रांगेत,
उत्तरेला सातपुडा, ग्रहाच्या पाठीसारखा काळा.
एक. दोन. तीन. घोडा थांबला.
चौथा त्याने तोडला,
बरोब्बर तिथेच, जिथे रावेरची कात्री लागली होती.
कुणाला पाय टाकता येईना.
नवरदेवाचा मामा ओरडला, 'भो, नाचाचं वाजव!'
सुभानने थुंकी झटकली आणि नाचाचं वाजवलं.

पुढे पुण्यात एकदा खरा वाद्यवृंद पाहिला.
हॉर्नवाले मागच्या रांगेत, मांडीवर वळसे,
आणि वाद्याचं तोंड मागे, भिंतीकडे.
आवाज आधी मागे जातो,
मग लोकांना मिळतो.
म्हणजे पाटीवरची जागा बरोबर होती.
अण्णांना हे ठाऊक होतं
की स्क्रू सांभाळत काहीतरी बोलले,
ते अजून विचारलेलं नाही.

आता सगळं फोनवर आहे, धुतलेलं, अख्खं.
चौथा स्वर सहा सेकंद चालतो.
मला तो आगाऊ वाटतो,
पाहुणा उंबऱ्यात उभा राहून पुन्हा बोलायला लागतो तसा.

परवा अण्णांच्या डाव्या कानाला लावून दिला.
उजवा गेल्या वर्षीच गेला.
ते गव्हातले खडे काढत होते. हात थांबला.
तिसऱ्यानंतर बोट वर केलं,
'इथं जोड हाये.'
जोड नव्हता.
बोट तसंच वर,
आणि तो वाजत राहिला.