एक पाच तीन सहा दोन चार

गुर्रमशेठची गाडी तिसऱ्यांदा आली
तेव्हा अक्कलकोट रोडवर दुपार इतकी तापली होती
की पाना उचलायला फडकं लागत होतं.
दोन दारं, सहा सिलिंडर, लांब नाक,
रंग कधीकाळी लाल; आता गच्चीवर विसरलेल्या मिरचीसारखा.
शेठ म्हणाले, मिस्त्री, हिच्यातला जोर गेलाय.
चढाला लागली की मागून टमटम हॉर्न देते.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस,
बोलताना हात स्वतःच्याच गुडघ्यावर.

प्लग काढून पेपरवर ओळीने मांडले.
कॉम्प्रेशन घेतलं:
एकशे साठ, अठ्ठावन्न, साठ, साठ,
पाचव्यात बावन्न, सहाव्यात पुन्हा साठ.
पाचवा जरा दमेकरी. घरात एखादा असतोच.
व्हॉल्व्ह घासून बसवले.
डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातली वजनं गंजून चिकटली होती, सोडवली.
तीन कार्बोरेटर. रबरी नळीचं एक टोक त्यांच्या तोंडाशी, दुसरं कानात,
तिघांचा श्वास सारखा होईस्तोवर
अर्धा अर्धा आटा फिरवत बसलो.
उजव्या कानाने कमी ऐकू येतं हल्ली, हे मौलाला सांगितलं नाही.

एक पाच तीन सहा दोन चार.
ठिणगी ह्याच क्रमाने उडते.
माझा बाप यंत्रमागावर जॉबर होता.
चाळीस मागांच्या खडखडाटात
कुठल्या मागाचा धोटा उशिरा पोचतोय
ते तोंडातला घास न थांबवता सांगायचा.
तो कान मला आलाय, असं मी समजत होतो.

बॉनेट उघडून हाताने दांडी ओढली
की शेडचा पत्रा थरथरायचा,
समोरच्या टॉवेल कारखान्यातले लोक बाहेर येऊन बघायचे.
सीटवर बसून पाय दिला
की सोमवारी शाळेला निघालेलं पोर.

दोन महिने.
टाकी धुतली, सायलेन्सर कापून पाहिला,
क्लचवर संशय घेतला, मग पंपवाल्यावर.
एका अमावास्येला लिंबूही बांधलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी मौलाच, भाकरीवर शेंगाचटणी पसरत:
उस्ताद, तुमच्या हाताला पळते,
मग पायाला का नाही?

गप बस बे, म्हणालो.
आणि घास तसाच ठेवून पेडलखाली डोकं घातलं.

मॅटच्या खाली लाकडाचा तुकडा.
दोन बोटं जाड. धोट्याचा,
तेल पिऊन काळा झालेला.
पेडल निम्म्यावर येऊन त्याच्यावर टेकत होतं.
दोन स्क्रू, चपट्या डोक्याचे,
आणि खाली सायकलची ट्यूब कापून केलेले वायसर.
असले वायसर ह्या रोडवर मी एकटाच करतो.

मग आठवलं.
पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. हीच शेड.
शेठ चहाला गेलेले. रत्नम्माबाई गाडीतून न उतरता म्हणाल्या,
हे एकशे वीसने पळवतात. मला काही म्हणता येत नाही.
तुम्ही काहीतरी करा. सांगू नका.
तुकडा त्यांनीच पदराआडून काढून दिला,
त्यांच्याच मागावरचा, फुटलेला धोटा.
शंभराची नोट मी घेतली नव्हती.
किंवा घेतली होती.

रत्नम्मा जाऊन नऊ वर्षं झाली.
इतकी वर्षं शेठ समजत होते, गाडी थकली.
मग कधीतरी समजले असतील, आपणच.

स्क्रू काढायला तीन मिनिटं लागली.

तुळजापूरच्या घाटाशी शेठनी पाय दाबला, सगळा.
एक पाच तीन सहा दोन चार,
माझी पाठ सीटला चिकटली,
शेठ तेलुगूत काहीतरी ओरडले,
मला कळलं नाही, विचारलंही नाही.
दुसऱ्या वळणावर त्यांनी आपण होऊन पाय उचलला.
चाळीसवर आणली. काच खाली केली.

काय होतं, मिस्त्री?
कचरा, म्हणालो. लाइनमध्ये.

तुकडा ड्रॉवरमध्ये आहे, फीलर गेजच्या डब्याशेजारी.
मौला विचारतो, टाकून देऊ?
राहू दे बे.
कुणाचं तरी सामान आहे ते.