एक सूत जास्त

बाबांकडे दोन पट्ट्या होत्या.
एक चारचौघांसारखी, दुसरी खोटी.
खोटीवरचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत लांब,
कारण बीड निवताना आकसतं
आणि पॅटर्नमेकरला ते आधीच धरावं लागतं.
वागळे इस्टेटात, सोळा नंबर रोडला,
सव्वीस वर्षं त्यांनी पंपांची लाकडी पोटं कोरली.
त्यांवरून ओतलेले पंप कुठल्या विहिरींवर बसले,
कुणी कळवलं नाही.

फाउंड्रीला टाळं लागलं तेव्हा मी नववीत,
आणि डावरी.
मोंतेरो सर म्हणाले, पोरीला नेम आहे,
पण क्लबातल्या रायफली सगळ्या उजव्यांच्या.
डाव्या हाताचा दस्ता बाहेरून मागवावा लागेल.
किंमत त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिली,
तोंडाने उच्चारली नाही.

मग लोकमान्यनगरच्या आमच्या गॅलरीत
एकेक भाग मुक्कामाला येऊ लागला.
क्लबाने मोडीत काढलेली एअर रायफल, नळी तेवढी शाबूत.
घोडा पुण्याच्या एका निवृत्त सुभेदाराचा,
फडक्यात बांधून, एसटीच्या कंडक्टरबरोबर.
माशी मोंतेरो सरांच्या खणातली.
आणि लाकूड:
भंगारात निघालेला एक सागाचा पॅटर्न,
जो ओतायची ऑर्डर कधी आलीच नाही.

आई म्हणाली, घरात बंदूक?
बाबा म्हणाले, हवेची आहे.
आई म्हणाली, दुधाची पिशवीसुद्धा हवेनेच फुटते.
पण संध्याकाळी तिनेच भुसा झाडला
आणि शेगडी पेटवायला डब्यात भरून ठेवला.

बाबा तिला शिकारीची बंदूकच म्हणायचे.
मी म्हणायचे, अहो, कागदावर मारायचंय.
ते रंधा थांबवायचे नाहीत.
त्यांचे वडील, नामा घुडे, मुरबाडच्या रानात हाकारी.
साहेबाची बंदूक कोस कोस खांद्यावरून वाहिली,
खांद्याला लावली नाही एकदाही.
डुक्कर पडलं की वाट्याला आतडी
आणि बंदूक पुसायचं काम.
एवढंच सांगून बाबा म्हणत, गाल आण इकडे.

गालाला निळा खडू फासून
मी लाकडावर मान टेकवायची.
जिथे निळं उमटेल तिथे पटाशीचा एक पापुद्रा.
पुन्हा खडू. पुन्हा गाल. पुन्हा पापुद्रा.
आठवडाभर मी निळा गाल घेऊन शाळेत गेले,
रंगपंचमी लांब असताना.
चौदा वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे
इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.
पाहत होते ते खरं तर लाकडाकडेच.

सगळे भाग एकत्र बसले त्या रात्री
येऊरकडून कुत्री भुंकत होती, बिबट्या उतरला असेल.
मी रायफल खांद्याला लावली.
सगळं बसलं, बोट मात्र घोड्याला पुरेना.
बाबा, दस्ता लांब झालाय.
त्यांनी पट्टी लावली. बरोबर आहे म्हणाले.
मी पट्टी हातात घेतली. ती दुसरी होती.

चुकून का, मी विचारलं नाही.
बिडाचं वेगळं, ते म्हणाले, ते आकसतं.
पोरं वाढतात.
आणि फडक्याने दस्ता पुसत बसले
आपल्या बापासारखे.

जिल्ह्यात तिसरी आले. पुढे कॉलेज, नोकरी, ऐरोली.
उंची दहावीतच थांबली होती.
ते एक सूत मी कधी भरून काढलं नाही.
अजून रविवारी क्लबात जाते
तेव्हा मान जराशी पुढे काढावी लागते.
मोंतेरो सर गेले. नवा पोरगा सांगतो,
मॅडम, मागून कापून देतो, पाच मिनिटांचं काम.

पोटाशी, उलटं धरलं की दिसतो,
पॅटर्नचा नंबर आहे अजून, ४१७,
बाबांच्या अक्षरात.
मी म्हणते, राहू दे.
श्वास अर्धा सोडते.
मान पुढे काढते.