हरिपूरच्या अलीकडे, तीन बाटल्या

भिलवडीला पहाटे जाळी ओढली तर
तळच्या बाटलीत जवळजवळ काहीच उतरलं नाही.
चहा गाळल्यावर पातेल्यात उरतो
तेवढा गढूळपणा, बस्स.
चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिली, शाई ओलीत पसरते:
तारीख, वेळ, पाणी चोवीस अंश.
वर आयोडीनचे चार थेंब.

सांगलीत पोचेतो ऊन वर आलं होतं.
सिदाप्पा आंबी नाव सोडता सोडता म्हणाले,
"पाणी एकच की ओ बाई. कुठनं बी भरा."

मी तीन ठिकाणी भरलं.
एक मधल्या धारेत,
वल्हं नुसतं धरलं तरी मनगट ओढतं तिथं.
एक डाव्या काठाला, नाला मिळतो त्याच्या खाली,
जिथं सिदाप्पांनी काही न बोलता
टॉवेलचं टोक नाकाला लावलं.
एक पल्याड, वाळुंज वाकलेल्या वळणात.
तिथं पाणी निघालं होतं कुठं तेच विसरून
स्वतःभोवती हिंडत होतं.

रात्री हजार घरांची काच भिंगाखाली सरकवली.
धारेच्या थेंबात करंडक वनस्पती,
कुंकवाच्या करंड्यासारख्या, झाकणात झाकण बसलेल्या;
एका घरात एखादी, मग सात घरं ओस.
नाल्याखालच्या थेंबात हिरवी गर्दी,
सगळ्या गावाचं एकच आडनाव असावं तशी.
आणि वळणातल्या थेंबात
मी मोजायची थांबले.
तोंडाचं चाक मिटून बसलेले रोटिफर,
पाठीच्या पारदर्शक पिशवीत अंडी घेतलेल्या पाणपिसवा,
आणि त्या अंड्यांत, शपथ,
डोळ्यांचे काळे ठिपके.

भिलवडीपासून सांगलीपर्यंत नदी बदलली होती, खरंय.
पण या काठापासून त्या काठापर्यंत
तिच्यापेक्षा जास्त.
मधे दीडशे पावलं नसतील.

दुसऱ्या दिवशी सिदाप्पांना वही उघडून सांगितलं:
एकाचे दोन व्हायला दिवस जातो, मामा.
धारेतला जीव तेवढ्यात वाडीला पोचतो.
वळणातल्याला सवड मिळते.

ते तंबाखू मळत ऐकत होते.
चुना झाडला, मग म्हणाले,
"आमचा बा त्या जागेला पाळणा म्हनायचा.
आखाडात तिथं जाळं टाकू द्यायचा न्हाई.
का, ते कधी सांगिटलं न्हाई.
त्याला तरी कुठं म्हाईत असंल."

"आणि पूर आला की?"

"पूर आला की पाळणा बी धार."

एवढं बोलून त्यांनी नाव आत घेतली.
तिसऱ्या बाटलीची चिठ्ठी मी पुन्हा बाहेर काढली,
अक्षांश-रेखांशाखाली बोटभर कोरी जागा होती,
तिथं लिहिलं: पाळणा.
सर अहवालातून ते काढतील.
चिठ्ठी वाळवली नाही,
तशीच ओली आत सोडली, झाकण घट्ट केलं.