चार मिनिटं दहा सेकंद

डार्लिस त्वेटच्या घरात पाच म्हातारी माणसं
आणि एक परवाना,
फ्रिजवर चुंबकाने लावलेला, किराणाच्या यादीशेजारी.
मी वर्षातून एकदा जातो, टेप आणि स्टॉपवॉच घेऊन.
दारांची रुंदी, नळाच्या पाण्याचं तापमान,
औषधांच्या कपाटाची किल्ली:
सगळं जागच्या जागी. ओव्हनमध्ये पाव.

मग मी घंटा वाजवली.
नियम म्हणतो, आग लागली असं समजा,
तीन मिनिटांत प्रत्येकाने अंगणात यावं
आपल्या पायांनी, कुणाचा हात न धरता.
चौघं आली. नॉर्थ डकोटाच्या नोव्हेंबरात
उलटसुलट सपाता घालून उभी राहिली.
वर्लिन हॉगस्टॅड आला नाही.

वय एक्याण्णव. चाळीस हंगाम
साखरबिटाचे ट्रक हाकलेला माणूस.
त्याला शर्टाची बटणं लावून द्यावी लागतात,
गोळ्यांची आठवण करावी लागते,
रात्री एकदा हाकेला ओ.
बस.

आला तो टोपी घालून.
ऊब वाया जाऊ नये म्हणून दार नीट ओढून घेतलं.
"ओव्हन बंद करत होतो," म्हणाला,
"आग लागलीये म्हणालात ना."

चार मिनिटं दहा सेकंद.
मी लिहिलं.

अशा माणसाला ठेवायचं तर वरच्या दर्जाचा परवाना लागतो,
आणि तो या परगण्यात तीन वर्षं नवा दिलेला नाही.
ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या दारात एकतीस नावांची रांग.
सत्तर मैलांवरच्या नर्सिंग होममध्ये मात्र खाट रिकामी होती.
त्या खाटेचं बिल सरकार भरतं.
डार्लिसच्या पलंगाचं भरत नाही.
उतार दिसला की पाणी विचारत बसत नाही,
वर्लिनचा कागद तसाच गेला.

त्याला जखम नाही, नळी नाही, ऑक्सिजन नाही.
पण चोवीस तास नर्स आहे.
शर्टांना आता बटणं नाहीत,
वेल्क्रो लावलंय.
वेळ वाचतो.

जानेवारीत वरून अहवाल आला:
आपल्या भागात नर्सिंग होमची गरज वाढते आहे.
सोबत आलेख, चढती निळी रेघ.
डार्लिसने फोन केला नाही.
तिच्या पाचव्या खोलीचा हीटर चालूच असतो, असं ऐकलं.

रविवारी आई स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली,
मला निरोप द्यायला, खुर्च्यांचा आधार घेत.
तिला न सांगता मी घड्याळ लावलं होतं.
मध्येच बंद केलं.