सहा-शून्य

मी आकडे लावायची.
नदीपलीकडच्या शाळेच्या मैदानात, फळ्यामागे,
शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर.
पत्र्याचे आकडे. खिळ्याला अडकवायचे.
नोव्हेंबरात बोटांना चिकटायचे,
म्हणून बाबांचे भट्टीवरचे हातमोजे.

काम असं फार नव्हतंच.
एका शुक्रवारी अर्धा स्वेटर विणून व्हायचा.
सात-तीन. सहा-शून्य.
एकदा तीन-शून्य, तेही शेवटच्या मिनिटाला,
आणि पोटभर जेवल्यासारखं
गाव पूल ओलांडून घरी गेलं.

कारण मध्ये एमिल हुदाक उभा असायचा.
समोरचा पोरगा चेंडू पोटाशी घेऊन फट शोधायचा
आणि त्या खिंडीत हा.
धडकेचा आवाज माझ्यापर्यंत यायचा,
ओल्या पोत्यावर फळी आपटावी तसा.
लोक उठून उभे राहायचे.
मीही. खोटं कशाला बोलू?
त्याच आवाजाशी मी लग्न केलं.

आता टीव्हीवर एकावन्न-अठ्ठेचाळीस.
आमच्याकडे पत्र्याचा पाच
एकच होता.

ऑर्विल टिब्सच्या केशकर्तनालयात
शनिवारी म्हातारे सुतक पाळायला जमतात.
डिफेन्स गेला, म्हणतात. मेला. पुरला.
हात लावला की पिवळा रुमाल,
क्वार्टरबॅकला म्हणे अलगद खाली ठेवायचं,
लोणच्याच्या बरणीसारखं.
ऑर्विल स्वतः सेफ्टी होता.
कैची थांबवून म्हणतो,
पाच यार्डांपुढे पाहुण्याला शिवायचंही नाही,
दार उघडून बाजूला व्हायचं,
मग मला मैदानात ठेवता कशाला, बुजगावणं म्हणून?
सगळे हसतात.
मग तो खुर्चीभोवती वळतो
आणि डावा गुडघा त्याच्यामागून वेगळा येतो.

मी बोलत नाही.
मला रूडी पेसावेंतो आठवतो.
खोऱ्याच्या वरच्या गावचा, सतरा वर्षांचा,
चेंडूकडे बघत मधून आडवा पळणारा.
त्याने एमिलला पाहिलंच नाही.
त्या रात्री गाडी मैदानात आली, तिच्या दिव्यात
मी शिडीवर सहाचा आकडा धरून बसले होते,
लावायचा की नाही ते कुणी सांगेना.
दर नाताळात एमिल त्याला कार्ड पाठवायचा.
आता मी पाठवते.
सही त्याच्यासारखी जमते मला.

एमिलच्या डोक्यात मधली खिंड उघडी आहे.
भट्टी चालू आहे का, आई कुठे गेली,
तू कोण,
सगळं सरळ आरपार पळतं,
आडवं कुणी येत नाही.
डॉक्टर फोटो दाखवतात. मी मान हलवते.

गेल्या शुक्रवारी नातवाची मॅच.
फळ्यावर दिवे. आकडे बसल्याजागी बदलतात,
डोळ्याला विसावा नाही.
तिसऱ्या क्वार्टरमध्ये कीलन मधून आडवा पळाला,
मान वर, पाठ उघडी, बेफिकीर,
रूडीसारखाच अगदी.
समोरून एक दांडगा पोरगा आला,
खांदा खाली गेलेला मला दिसला,
मी एमिलचा हात धरला.
आणि त्या पोराने
पायात पाय घालत, धडपडत,
स्वतःला आवरलं.

टचडाउन.
माझ्या मागे कुणीतरी चिडून बोललं, ही काय मॅच आहे!
एमिल उभा राहिला, थरथरत,
वीस वर्षांत नव्हता इतका जागा.
मध्ये कोण होतं, ओरडला,
मधला कुठे गेला?

होता, म्हटलं. तिथेच होता.
बस.
त्याला ते पटलं नाही.
आणि त्या आवाजाची
मला आठवण आली हेही खरं,
एखादं जुनं दुखणं आठवावं तशी.

फळा उतरवला तेव्हा शून्य मी घरी आणला.
ओट्यावर असतो, गरम भांड्याखाली.
कधी एमिल तो उचलतो,
दोन्ही हातांनी छातीशी धरतो,
आणि खिडकीबाहेरच्या अंधाराला दाखवत
मला बजावतो:
हा त्यांचा.
त्यांच्या बाजूला लाव.